घोडी, स्वर आणि नाद : रायगड किनाऱ्यावरील विद्युत् बेंजोच्या निमित्ताने

१. प्रश्नाचे स्वरूप

तंतुवाद्यातील घोडीवर दोन कामे सोपविलेली असतात. तारेच्या कंपनक्षम लांबीचे एक टोक निश्चित करणे हे पहिले, आणि तारेचे कंपन वाद्याच्या देहात उतरवून त्यास विशिष्ट नाद प्राप्त करून देणे हे दुसरे. पहिले काम चोख व्हावयाचे तर घोडी अचल व कठीण असावी लागते आणि तिचा तारेशी एकाच बिंदूत स्पर्श व्हावा लागतो. दुसऱ्या कामासाठी मात्र तिने तारेबरोबर किंचित् हलावे, आपल्यातून कंपन पुढे जाऊ द्यावे, प्रसंगी तारेला आपल्या पृष्ठावर लोळूही द्यावे, अशी अपेक्षा असते. स्वराचे स्थैर्य आणि नादाची समृद्धी या दोहोंत तडजोड करावी लागते ती येथे. ही तडजोड कोणी, केव्हा व कशाच्या मोबदल्यात केली, याचा इतिहास वाद्यशास्त्राच्या ग्रंथांत क्वचितच आढळतो. कारण घोडी हा वाद्याचा सर्वांत लहान, सर्वांत झिजणारा आणि सर्वांत आधी फेकून दिला जाणारा अवयव होय.

ह्या प्रश्नाच्या अभ्यासासाठी रायगड जिल्ह्याचा किनारा अनपेक्षितपणे सोयीचा ठरतो. उरण, अलिबाग, मुरुड व श्रीवर्धन या तालुक्यांतून पसरलेल्या ह्या पट्ट्यात – १९८१ पर्यंत ह्या जिल्ह्याचे नाव कुलाबा असे होते – आगरी व कोळी समाजांच्या हळदीच्या रात्री, वराती, नारळी पौर्णिमेच्या आणि गणेशविसर्जनाच्या मिरवणुका यांत ‘बेंजो’ नावाचे विद्युत् तंतुवाद्य वाजते. ते वाजविणाऱ्या संचास ‘बेंजो पार्टी’ म्हणतात. शास्त्रीय संगीताच्या अभ्यासकांनी ह्या वाद्यास गोंगाटाच्या सदरात घालून त्याची उपेक्षा केली, आणि लोकसंगीताच्या अभ्यासकांनी ते परकीय व यांत्रिक म्हणून बाजूस सारले. धवलारणीच्या धवल्यांची नोंद झाली. तिच्याच अंगणाबाहेर वाजणाऱ्या बेंजोची झाली नाही. वस्तुतः स्थैर्य आणि नाद यांचा जो झगडा विद्युत् गिटारच्या घोडीवर अमेरिकेत झाला, तोच ह्या वाद्याच्या घोडीवर कोकणच्या दमट हवेत होत आला आहे.

२. वाद्याची वंशावळ

बेंजो ह्या नावावरून अमेरिकेतील बँजोचे स्मरण होते. परंतु चामडे मढविलेल्या त्या वाद्याशी ह्याचा रचनेच्या दृष्टीने काहीही संबंध नाही. ह्याचे मूळ जपानमध्ये आहे. १९१२ मध्ये नागोया येथे गोरो मोरिता याने लांबट पेटीवर तारा ताणून त्यांवर टंकलेखन यंत्रासारख्या कळा बसविल्या आणि एक नवे वाद्य सिद्ध केले. त्याच वर्षी आरंभ झालेल्या ताइशो राजवटीवरून त्यास ‘ताइशोगोतो’ हे नाव मिळाले. डाव्या हाताने कळ दाबली की ती तारेला खालच्या पडद्यावर टेकविते, आणि उजव्या हातातील नखीने तार छेडली की इष्ट स्वर उमटतो. स्वरस्थान बोटांनी शोधण्याचे श्रम ह्या रचनेत संपूर्णपणे वाचतात.

पुढील काही दशकांत हे वाद्य हिंदी महासागराच्या काठाकाठाने पसरले. बलुचिस्तानात ते ‘बेंजू’ झाले व आकाराने वाढले. मालदीव बेटांवर ते पोहोचले. आणि भारतात त्यास ‘बुलबुल तरंग’ असे गोड नाव मिळाले. घरगुती करमणुकीचे स्वस्त साधन म्हणून प्रथम परिचित झालेल्या ह्या वाद्याला पुढे तारांखाली चुंबकीय पिकअप व त्यामागे ध्वनिवर्धक जोडण्यात आला, आणि दिवाणखान्यातील वाद्य रस्त्यावर आले. ढोल, ताशा यांच्या घोषात एकट्या तारेचा आवाज ऐकू येणे विजेवाचून अशक्य होते. मुंबई व रायगड भागांतील बेंजो पार्टी ही ह्या विद्युतीकरणाची फलश्रुती होय.

घोडीच्या दृष्टीने ह्या वाद्याची दोन वैशिष्ट्ये ध्यानात घेतली पाहिजेत. एक म्हणजे त्याच्या सुरावटीच्या तारा दोन किंवा अधिक असून त्या एकाच स्वरात लावलेल्या असतात. त्यांतील एक तार किंचित् जरी ढळली तरी दोहोंच्या संयोगातून स्पंद ऐकू येतात : दर सेकंदाला ३९२ कंपने करणाऱ्या दोन तारांत एका कंपनाचा फरक पडला की दर सेकंदाला एक लहर उठते. दुसरे वैशिष्ट्य असे की, घोडी सामान्यतः एकच सरळ पट्टी असून ती सर्व तारांना समाईक असते. एका तारेपुरती लांबी कमीअधिक करण्याची सोय तीत नसते.

३. तारेचे गणित

कळ दाबल्याने स्वर केवळ बदलत नाही, तो थोडा चढतोही. तार पडद्यापर्यंत खाली वाकविताना ती ताणली जाते, आणि ताण वाढला की कंपनसंख्या वाढते. ही वाढ किती असते, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ६० सेंटिमीटर लांबीची पोलादी तार दर सेकंदाला १९६ कंपनांवर लावली, तर त्या ताणाने तिची लांबी मूळच्या मानाने सुमारे १.३ मिलिमीटर वाढलेली असते. तार जाड आहे की बारीक, याने ह्या आकड्यात फरक पडत नाही. आता तार पडद्यापासून ३ मिलिमीटर उंच असून ती बरोबर मध्यावर दाबली, तर तिची लांबी आणखी सुमारे ०.०३ मिलिमीटर वाढते. हा आकडा डोळ्यांना नगण्य वाटतो. पण त्यामुळे ताण सुमारे २.३ टक्के वाढतो आणि स्वर सुमारे २० सेंट चढतो. सप्तकाचे १२०० समान भाग केले असता त्यांतील एका भागास सेंट म्हणतात. ८१:८० या प्रमाणाची प्रमाणश्रुती सुमारे २१.५ सेंट भरते. म्हणजे तारेची केवळ ३ मिलिमीटर उंची जवळजवळ एका श्रुतीइतका दोष निर्माण करते.

ही वाढ उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात होते. घोडी खाली घेऊन उंची दीड मिलिमीटर केली, तर दोष चौपटीने घटून ५ सेंटवर येतो. मग घोडी नेहमी खालीच का ठेवीत नाहीत, असा प्रश्न उद्भवेल. त्याचे उत्तर नादात आहे. तार पडद्यांच्या फार जवळ आली की जोराने छेडताच ती पुढच्या पडद्यांवर आपटते; स्वर करकरतो, त्याचा आयुःकाल कमी होतो आणि मिरवणुकीत लागणारा जोरकस आघात अशक्य होतो. उंच घोडीवर आघात मोकळा व नाद भरदार, परंतु स्वर चढलेला. बुटक्या घोडीवर स्वर नेमका, परंतु नाद आखडलेला.

ह्या पेचातून सुटण्याचा दुसरा मार्ग म्हणजे घोडी मागे सरकविणे. वरील उदाहरणात मधल्या कळेचा स्वर सुधारावयाचा तर घोडी सुमारे ७ मिलिमीटर मागे न्यावी लागेल व खुली तार पुन्हा मूळ स्वरात लावावी लागेल. परंतु एका कळेवर उपकारक ठरलेले हे स्थलांतर दुसरीवर अपकारक ठरते. तारेचा चतुर्थांश भागच वाजता राहील अशा वरच्या कळेवर, उंची तितकीच धरल्यास, दाबामुळे येणारा चढ सुमारे २६ सेंट असतो, तर घोडी सरकविल्याने येणारा उतार सुमारे ५९ सेंट. परिणामी तो स्वर सुमारे ३३ सेंट, म्हणजे दीड प्रमाणश्रुती उतरलेला निघतो. सारांश, एकाच सरळ पट्टीच्या घोडीवर सर्व स्वर खरे करणे गणितानेच अशक्य आहे. कोणता स्वर किती खोटा चालवून घ्यावयाचा, एवढेच ठरविणे हाती राहते.

४. मिरजेचे उत्तर

महाराष्ट्रात ह्या प्रश्नाचे एक जुने व अत्यंत निराळे उत्तर अस्तित्वात होते. ते मिरजेच्या तंबोऱ्यात सापडते. पटवर्धन संस्थानिकांच्या मिरजेत एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातील कारागीर तंतुवाद्यांच्या निर्मितीकडे वळले. फरीदसाहेब शिकलगार यांचे नाव ह्या परंपरेच्या आरंभी घेतले जाते. शस्त्राची धार ज्या हातांनी साधली, त्याच हातांनी पुढे घोडीचा पृष्ठभाग घासला. ह्या परंपरेतील सतार व तंबोरा या दोन्ही वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले.

तंबोऱ्याची घोडी रुंद असून तिचा माथा अगदी मंद उताराने गोलावलेला असतो. तार ह्या माथ्यावर एका बिंदूत टेकत नाही. कंपन करताना ती पृष्ठाला कधी चिकटते, कधी सुटते. तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवून हा स्पर्श नेमका केला जातो, आणि मग जो गुंजनयुक्त, उपस्वरांनी भरलेला नाद उमटतो त्यास जवारी म्हणतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर लिहिलेल्या निबंधात ह्या घोडीचे वैशिष्ट्य प्रथम शास्त्रीय भाषेत मांडले. तार ज्या बिंदूवर छेडली जाते, तेथे ज्यांचे स्थिरबिंदू येतात ते उपस्वर उत्पन्न होऊ नयेत, असा एरवीचा नियम आहे. तंबोरा व वीणा यांत तेही स्पष्ट ऐकू येतात, कारण घोडीचा वक्र पृष्ठभाग कंपनाच्या ओघात त्यांना नव्याने जन्म देतो, हे रामन यांनी दाखविले.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. जवारीचा नाद ज्या कारणाने उपजतो, तेच कारण स्वराची लांबी अनिश्चित करते. तारेचे टोक नेमके कोठे आहे, हे प्रत्येक कंपनात बदलत असते. दोरा केसभर सरकला तरी नाद पालटतो आणि स्वरही पुन्हा पाहावा लागतो. पोलादी तारेने घोडीवर खाचा पडल्या की जवारी बिघडते व ती पुन्हा घासून काढावी लागते. मिरजेने हे सारे जाणून पत्करले. मात्र त्याबरोबरच कामांची वाटणीही केली. स्वर ढोबळपणे लावण्याचे काम खुंटीकडे, सूक्ष्म दुरुस्तीचे काम घोडीच्या खाली तारेत ओवलेल्या मण्याकडे, आणि नादाचे काम घोडी व सूत यांच्याकडे. मणी हलवून स्वर दुरुस्त करताना घोडीला हात लावावा लागत नाही. तंबोऱ्याने स्थैर्याचा त्याग केला असे म्हणण्यापेक्षा, स्थैर्याचा भार त्याने लाकडावरून माणसावर टाकला असे म्हणणे अधिक योग्य होईल. गायक मैफलीपूर्वी व मैफलीत तंबोरे लावीत बसतो ते ह्या व्यवस्थेचे मूल्य होय. मिरजेस दीर्घकाळ राहिलेले अब्दुल करीम खाँ हे जवारी काढण्यात स्वतः निष्णात होते. गवई आणि कारागीर यांच्यातील सीमारेषा ह्या परंपरेत किती पुसट होती, हे त्यावरून कळते.

५. जंजिरा, बडोदे आणि स्थिर स्वराचा वाद

विसाव्या शतकाच्या आरंभी ह्या व्यवस्थेला आव्हान मिळाले ते पेटीकडून. पेटीला घोडी नाही, तार नाही, लावणे नाही. तिचा स्वर कारखान्यात एकदाच ठरतो. परंतु ती ज्या समविभागी सप्तकात लावलेली येते, ते सप्तक भारतीय श्रुतींशी जुळत नाही, असा आक्षेप होता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवरील आपले पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांच्या प्रयोगांना अब्दुल करीम खाँ यांचे साहाय्य लाभले होते. सनदी न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी देवलांचा विचार पुढे नेला आणि श्रुतींना अनुसरून लावलेली पेटी विलायतेत तयार करविली. मार्च १९१६ मध्ये बडोदे येथे भरलेल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत ह्या श्रुतिपेटीची परीक्षा झाली. परंतु विष्णु नारायण भातखंडे व तेथे जमलेले गायक यांना ती मान्य झाली नाही.

ह्या परिषदेत रायगड किनाऱ्याशी निकट संबंध असलेली एक व्यक्ती उपस्थित होती. जंजिऱ्याचे नवाब सिद्दी अहमद खान यांचा विवाह नाझली फैझी यांच्याशी झाला होता. त्यांच्या भगिनी अतिया बेगम फैझी-रहमीन यांचे त्यामुळे मुरुड-जंजिऱ्यास राहणे झाले. अतिया बेगमांनी १९१४ मध्ये भारतीय संगीतावर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला होता, आणि बडोद्यास त्यांनी राष्ट्रीय संगीत अकादमीच्या स्थापनेचा आग्रह धरला. सागरी किल्ल्याचे हे लहानसे संस्थान १९४८ मध्ये भारतीय संघराज्यात विलीन झाले. संगीताच्या अखिल भारतीय वादापासून हा किनारा अलिप्त नव्हता, एवढे ह्यावरून निश्चित होते.

श्रुतिपेटीचा पराभव झाला तरी साधी पेटी मात्र घरोघर गेली. आकाशवाणीने १९४० मध्ये तिच्यावर घातलेली बंदी १९७१ पर्यंत टिकली. तथापि भजनी मंडळे, नाटके व कीर्तने यांतून ती हटली नाही. लोकांनी नादापेक्षा स्थैर्यास, किंवा नेमके सांगावयाचे तर स्वर लावण्याच्या श्रमापासून मिळणाऱ्या सुटकेस, पसंती दिली. बेंजो ह्याच पसंतीचे अपत्य आहे. कळांमुळे तो पेटीच्या पंक्तीत बसतो, आणि तारांमुळे तंबोऱ्याच्या. पेटीचा सोपेपणा त्याला मिळाला, परंतु पेटीचे स्थैर्य मिळाले नाही. कारण त्याला घोडी आहे.

६. विजेने केलेला पालट

घोडीच्या इतिहासातील सर्वांत मोठा पालट विद्युतीकरणाने घडविला. पोकळ देहाच्या वाद्यात घोडीने तारेची शक्ती झिरपू दिली तरच आवाज उमटतो. म्हणून ती हलकी व लवचिक हवी. चुंबकीय पिकअप तारेचे कंपन थेट विद्युत्-प्रवाहात रूपांतरित करतो. त्यास देहाची गरज फारशी नसते. तेव्हा घोडीने शक्ती झिरपू न देता तारेतच कोंडून ठेवावी, हे इष्ट ठरले. जो अवयव दार होता, तो आता भिंत झाला. १९३१–३२ च्या सुमारास अमेरिकेत बोशाँप व रिकनबॅकर यांनी व्यवहारात आणलेल्या विद्युत् गिटारपासून हा पालट सुरू झाला, आणि भरीव लाकडी देहाच्या गिटारमध्ये तो पूर्णत्वास गेला.

आता स्थैर्य व नाद यांचे वैर संपावयास हवे होते. परंतु तसे झाले नाही. लिओ फेंडर यांच्या १९५० च्या गिटारला सहा तारांसाठी तीनच आधार होते. प्रत्येक आधारावर दोन तारा असल्याने दोहोंचे स्वर एकाच वेळी नेमके करता येत नसत. तरीही ती घोडी कित्येक वादकांनी सोडली नाही, कारण दोन तारांचा भार पेलणाऱ्या पितळी आधारातून येणारा टणत्कार त्यांना हवा होता. १९५४ मध्ये गिब्सन कंपनीने सहा तारांना सहा स्वतंत्र, पुढेमागे सरकणारे आधार दिले. स्वर नेमका झाला, पण हलत्या भागांची संख्या वाढली. त्याच वर्षी फेंडरने संपूर्ण घोडीच स्प्रिंगांवर तोलून ती दांडीने झुलविण्याची सोय केली. स्वरास आंदोलन मिळाले. पण दांडी सोडल्यावर घोडी नेमक्या मूळ जागी परतेलच, याची शाश्वती राहिली नाही. फ्लॉइड रोझ यांनी १९७९ मध्ये पेटंट मिळविलेल्या रचनेत तारेची दोन्ही टोके स्क्रूने आवळून हा दोष दूर केला. त्याबरोबर तार बदलणे व लावणे अवघड झाले, आणि नाद पातळ झाल्याची तक्रार उद्भवली.

ह्याच्या अगदी उलट दिशेचा प्रयोग १९६७ मध्ये झाला. वादक व्हिन्सेंट बेल आणि डॅनेलेक्ट्रो कंपनी यांनी गिटारला सतारीसारखा नाद यावा म्हणून रुंद व सपाट माथ्याची घोडी बसविली व त्या वाद्यास विद्युत् सतार म्हटले. जवारीचा आभास साधला; परंतु तारेचे टोक एका बिंदूत निश्चित न राहिल्याने पडद्यांवरील स्वर नेमके लावणे अवघड झाले. मिरजेच्या कारागिरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेला सिद्धांत अशा रीतीने अमेरिकेत नव्याने प्रत्ययास आला. फरक एवढाच की, मिरजेच्या तंबोऱ्याला पडदे नाहीत व मणी आहे. विद्युत् सतारीला पडदे होते व मणी नव्हता.

ह्या तुलनेतून एक निष्कर्ष निघतो. गिटारच्या घोडीवर तारेचे टोक, उंची, लांबीची दुरुस्ती आणि पुढे आंदोलनही, अशी चार कामे एकत्र आली. तंबोऱ्यात ती वेगवेगळ्या अवयवांत वाटलेली होती. स्थैर्य व नाद यांच्यातील वैराचा काही भाग निसर्गसिद्ध आहे – वक्र पृष्ठावर लोळणारी तार निश्चित लांबीची असू शकत नाही – परंतु बराचसा भाग रचनाकाराने एकाच अवयवावर लादलेल्या कामांतून उद्भवतो.

७. किनाऱ्यावरील परीक्षा

रायगड किनाऱ्यावर ह्या साऱ्या विवेचनाची रोज परीक्षा होते. अलिबागेस वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि पावसाळ्यात हवा आर्द्रतेने जड झालेली असते. लाकूड ही आर्द्रता शोषून तंतूंच्या आडव्या दिशेने फुगते. पेटीचा माथा किंचित् वर येतो व त्याबरोबर घोडीही. वर दिलेल्या गणितानुसार घोडी वर आली की प्रत्येक दाबलेला स्वर चढतो. कोरड्या दिवसांत नेमका लावलेला बेंजो गणेशविसर्जनाच्या सुमारास, खुल्या तारा पुन्हा जुळवूनही, कळांवर बेसूर बोलू शकतो तो यामुळे.

उन्हाचा परिणाम याहून निराळा आहे. पोलाद लाकडाच्या मानाने उष्णतेने अधिक प्रसरण पावते. दुपारच्या मिरवणुकीत वाद्याचे तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले, तर पूर्वीच्याच उदाहरणातील तार सुमारे ३० सेंट उतरते. खाऱ्या वाऱ्याने तारेला गंज चढतो तो तिसरा परिणाम. गंजलेली तार सर्वत्र समान वजनाची राहत नाही, आणि तिचे उपस्वर मूलस्वराच्या पटीत न राहता विस्कळीत होतात. अशी तार कितीही काळजीपूर्वक लावली तरी ती पूर्णपणे सुरात लागत नाही. विजेनेही एक नवा दोष आणला आहे. पिकअपमधील लोहचुंबक तारेच्या फार जवळ आला तर तो तारेला ओढून तिचे कंपन बिघडवितो आणि एकाच तारेत स्पंद उत्पन्न करतो. दूर नेला तर नाद क्षीण होतो. घोडीवरचाच झगडा येथे पिकअपपाशी पुन्हा सुरू होतो.

ह्या परिस्थितीत बेंजोने जी तडजोड स्वीकारली, तिचे मर्म त्याच्या एकस्वरी तारांत आहे. दोन तारा संपूर्ण जुळल्या तर नाद सपाट वाटतो. एखाद-दुसऱ्या सेंटचा फरक राहिला तर त्यातून मंद लहर उठून नाद रुंद होतो. फरक आणखी वाढला तर तोच नाद कर्कश होतो. म्हणजे ह्या वाद्यात अस्थैर्याचा लहानसा अंश नादाचे साधनच बनला आहे, जसा तो तंबोऱ्याच्या जोडीच्या तारांत बनतो. तथापि तंबोऱ्याचा गायक शांत दालनात मण्याने ही मर्यादा राखतो; बेंजोवादकाला ती उघड्या रस्त्यावर, ढोलाच्या गजरात, घामाने ओल्या झालेल्या हातांनी राखावी लागते. त्याच्या कानाची ही कसोटी कोणत्याही संगीत विद्यालयाच्या अभ्यासक्रमात नाही. पण ती कमी कठीण आहे असे म्हणता येणार नाही.

८. उपसंहार

वरील तीन व्यवस्था एकत्र पाहिल्या असता घोडीच्या इतिहासाचे सूत्र स्पष्ट होते. स्वर स्थिर राखण्याचे श्रम कधीच नाहीसे होत नाहीत. ते एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातात. तंबोऱ्यात ते गायकाकडे व जवारी काढणाऱ्या कारागिराकडे राहिले. पेटीत ते कारखान्यातील स्वर लावणाऱ्याकडे गेले. विद्युत् गिटारमध्ये ते धातूचे सुटे भाग कातणाऱ्या यंत्रकाराकडे गेले. बेंजोत मात्र कळांनी स्वरस्थान शोधण्याचे श्रम वाचविले, विजेने आवाज मोठा केला, आणि जे श्रम उरले ते सारे एका साध्या पट्टीवजा घोडीवर व वादकाच्या कानावर येऊन पडले.

ही व्यवस्थाही आता मागे पडू लागली आहे. ज्याला घोडीच नाही असा इलेक्ट्रॉनिक कळफलक आणि मुद्रित संगीत वाजविणारी ध्वनियंत्रणा बेंजोच्या जागी येत आहेत. तंबोऱ्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला, त्याचीच ही दुसरी आवृत्ती. १९१६ मध्ये बडोद्यास जो प्रश्न श्रुतींच्या भाषेत विचारला गेला, त्याचा निकाल सभेत लागला नव्हता. तो बाजाराने लावला. आताचा निकालही तसाच लागेल. फरक असा की, पेटी आणि तंबोरा यांच्या वादाची कागदपत्रे, ग्रंथ व परिषदेची इतिवृत्ते शिल्लक आहेत. बेंजोच्या घोडीसंबंधी एकही ओळ लिहून ठेवलेली नसेल, तर तिने कोणती तडजोड केली होती हे पुढील पिढीस कळण्याचा मार्ग उरणार नाही.

म्हणून उरण ते श्रीवर्धन या पट्ट्यात अद्याप वापरात असलेल्या वाद्यांची पद्धतशीर मोजणी होणे अगत्याचे आहे. प्रत्येक वाद्याच्या घोडीचे द्रव्य, तिची उंची, पहिल्या व शेवटच्या पडद्यापासूनचे अंतर, तारांची जाडी, पिकअप व तारा यांतील अंतर, आणि तेच माप पावसाळ्यात व उन्हाळ्यात घेतले असता पडणारा फरक, एवढ्या नोंदी पुरेशा होतील. त्यासाठी एक मोजपट्टी, एक स्वरमापक आणि वादकांच्या दारी जाण्याची तयारी लागेल. झिजलेल्या घोड्या फेकून न देता त्या जपून ठेवण्याची विनंती संबंधितांस करता येईल. तंबोऱ्याची जवारी समजून घेण्यास रामन यांच्यासारखा शास्त्रज्ञ लाभला. बेंजोच्या घोडीला तितक्या मोठ्या अधिकाराची अपेक्षा नाही. तिचे माप घेणारा एखादा जिज्ञासू विद्यार्थी तिला मिळाला, तरी किनाऱ्यावरील ह्या वाद्याचा इतिहास लिहिण्यास आधार निर्माण होईल.